इलेक्ट्रिक स्मोकरचं एलिमेंट बदलतोय: १२० व्होल्टचं जळलं, २३० चं किती वॅटचं बसवू?

टेरेसवाला (मुलुंड पूर्व), २६ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी, सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहितीवर कुणी सल्ला देऊ नये असं मला वाटतं.

भाऊ अमेरिकेहून कायमचा परत आला तेव्हा कंटेनरमधून एक इलेक्ट्रिक स्मोकर घेऊन आला. त्याच्याकडे जागा नाही, म्हणून तो माझ्या गच्चीवर आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लहान फ्रीजएवढं दुहेरी पत्र्याचं कपाट असतं, दोन पत्र्यांच्या मधे ग्लासवूल, आत चार जाळ्या. तळाशी नागमोडी एलिमेंट आणि त्याच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे. एलिमेंटने ट्रे तापतो, ढलप्या धुमसतात आणि धूर वर चढतो. आपण भरताला किंवा डाळीला निखाऱ्यावर तूप सोडून पाच मिनिटं धुरी देतो ना, तीच इथे मंद आचेवर चार-पाच तास चालते. चिकन, बांगडा, पनीर, अगदी कांदा-लसूणसुद्धा यात काय सुरेख होतात!

पाटीवर लिहिलंय १२० व्होल्ट, ८०० वॅट. लॅमिंग्टन रोडवरून ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला आणि दोन वर्षं त्याच्यावर चालवला. पण १०७ अंशांपर्यंत (तिकडच्या पाककृतींमधलं २२५ फॅरनहाइट) पोचायला सव्वा तास जायचा. चिकन उलटायला दार उघडलं की काटा सत्तरच्या खाली, आणि परत वर यायला अर्धा तास. कंपनीचा माल असून असा मंद का, हे मला कधी कळलं नाही.

मागच्या रविवारी एका पाहुण्याने मदत म्हणून स्मोकरचा प्लग ट्रान्सफॉर्मरऐवजी सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला. मी मॅरिनेशनचं भांडं घेऊन जिन्यातच होतो. वर पोचलो तेव्हा फटीतून लालभडक प्रकाश दिसत होता, मग एक ‘फट्’ आणि सगळं बंद. एलिमेंट एका वळणावर उललंय, आतून पांढरी पूड बाहेर आलीय. कंट्रोल बोर्डही गेला.

तर आता २३० व्होल्टचं एलिमेंट बसवायचं आहे. जागेवर आहे तर मोठंच बसवावं असा विचार आहे. १५०० वॅट चालेल का? की २०००?

---

विद्युल्लता (ठाणे), २६ एप्रिल, रात्री ११:२५

आधी तुमच्या दोन कोड्यांची उत्तरं देते, मग पुढचं ठरवणं सोपं जाईल.

एलिमेंट म्हणजे ठरावीक रोध असलेली तार. वॅट ही तिची स्वतःची मालमत्ता नाही, ते व्होल्टेजवर ठरतात आणि तेही वर्गाच्या हिशोबाने. १२० गुणिले १२० भागिले ८०० म्हणजे १८ ओहम. हा आकडा पक्का धरा.

तुमचा ट्रान्सफॉर्मर ११० देतो. ११० चा वर्ग १२१००, भागिले १८, झाले ६७२ वॅट. दोन वर्षं तुम्ही ८०० च्या यंत्रावर ६७२ वॅटचं काम करत होता. स्मोकर मंद नव्हता, त्याला जेवणच कमी मिळत होतं.

आणि २३० लावल्यावर? ५२९०० भागिले १८, म्हणजे जवळजवळ २९४० वॅट. करंट पावणेतेरा अँपिअर. ८०० साठी बनवलेल्या नळीवर साडेतीन पटीहून जास्त भार. पाहुण्याला बोल लावू नका, पिन बसत होती म्हणून त्याने लावली. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पिन इथल्या सॉकेटमध्ये बसणार नाही अशी तजवीज आपणच करायची असते.

नवीन एलिमेंटसाठी माझं मत १२०० वॅट. २३० ला ते ५.२ अँपिअर घेईल, रोध ४४ ओहम यायला हवा. दुकानातच मल्टिमीटरने मोजून घ्या. १८ किंवा २० दाखवलं तर तुमच्या हातात चुकीचं एलिमेंट आहे. आणि ५.२ अँपिअर असले तरी ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर चार-पाच तास सलग चालवू नका. १६ अँपिअरचा पॉइंट वापरा.

---

कोथरूड८, २७ एप्रिल, सकाळी ८:०५

मी असाच एक स्मोकर जुन्या स्टीलच्या कपाटात घरी बनवतोय. बादलीत पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड घरात पडून आहे. २३० चाच आहे. तोच तळाशी आडवा ठेवला तर?

---

साकीनाका_जुना, २७ एप्रिल, सकाळी ९:५०

कोथरूडकर, ठेवू नका. चाळीस वर्षं हीटर बनवण्यात गेली आहेत माझी, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पाण्याचा रॉड पाण्यातच जगतो. पाणी त्याच्या अंगावरची उष्णता सतत ओढून नेतं, म्हणून आम्ही छोट्या नळीत भरपूर वॅट कोंबतो. तोच रॉड हवेत चालू केला की दोन मिनिटांत लाल होतो आणि नळी फुटते. गीझरचं एलिमेंटही तसंच. लोहार चाळीत (मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार) मागताना ‘हवेतलं’ की ‘पाण्यातलं’ हे पहिलं सांगायचं.

टेरेसवाले, तुम्ही लिहिलेली पांढरी पूड म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. मधे निकेल-क्रोमची स्प्रिंगसारखी तार, बाहेर स्टेनलेसची नळी, आणि दोघांना एकमेकांपासून दूर ठेवायला ही पूड ठासून भरलेली. वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते, हा तिचा गुण. तिचा एक अवगुणही आहे, तो पावसाळ्यात बोलू.

१५०० का नको ते मापाने दाखवतो. स्थिर हवेत नळीच्या दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन वॅटच्या आसपास भार ठेवला की एलिमेंट वर्षानुवर्षं चालतं. ८ मिमी जाडीच्या नळीचा घेर अडीच सेंटिमीटर. १२०० वॅटला सुमारे १३६ सेंमी गरम लांबी लागते. १५०० ला १७० सेंमी. आता तुमचा तळ मोजा. १३६ सेंमी इंग्रजी एम अक्षरासारखं चार पायांत वाकवून बसेल. १७० बसवायला गेलात तर वळणं इतकी जवळ येतील की नळ्या एकमेकींनाच भाजतील. वॅट आपल्या मनावर नसतात, जागेवर असतात.

दुसरी गोष्ट, जी दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही: थंड पिन. नळीच्या दोन्ही टोकांना काही लांबीत तार नसते, नुसती जाड पिन असते, ती तापत नाही. तुमच्या कपाटाची भिंत ग्लासवूलसकट किती जाड आहे? ४० मिमी असेल तर थंड पिन ७५ मिमीची सांगा. नाहीतर गरम भाग ग्लासवूलच्या आत अडकतो, तिथली उष्णता कुठे जात नाही आणि मागचं टर्मिनल जळतं. अशा कपाटांत टर्मिनलवरची क्लिप काळी पडून गळणं हा नेहमीचा आजार आहे. एलिमेंट शाबूत असतं आणि लोक ते फेकून नवीन आणतात.

---

टेरेसवाला, २७ एप्रिल, दुपारी १:१५

काका, तुमचं वाचून आत्ता मागचं झाकण उघडलं. एका टर्मिनलची क्लिप खरंच काळी आणि इतकी ठिसूळ की बोट लावताच तुटली. म्हणजे पाहुण्याने केलं ते निमित्त, हे आधीच निघालं होतं.

भिंत ४२ मिमी. तळ ३८ सेंमी खोल. १२०० नक्की केलं.

---

मांदेली (वेसावे), २७ एप्रिल, रात्री ९:३०

मला विजेतलं फार कळत नाही, पण धुरीतलं कळतं. आमच्याकडे आजी सोडणावर (नारळाच्या सालीवर) आणि बाभळीच्या काटक्यांवर मांदेली आणि बांगडा धुरवायची, तीन विटा आणि वर जाळी. म्हणून एक विचारते दादा, तुम्हाला आच वाढवायची आहे की धूर?

तुमच्या कपाटात दोन्ही एकाच एलिमेंटवर आहेत. एलिमेंट चालू असेल तेव्हाच ढलप्या धुमसणार. थंडीच्या देशात ते सारखं चालू राहत असेल. मुंबईत एप्रिल-मेमध्ये बाहेरच चौतीस-पस्तीस अंश. कपाट एकदा तापलं की एलिमेंट जास्त वेळ बंदच राहणार. जितकं मोठं एलिमेंट, तितकं ते लवकर बंद होणार. मग धूर कुठून?

---

विद्युल्लता, २७ एप्रिल, रात्री १०:१०

मांदेलीताई, अगदी बरोबर. मी फक्त उष्णतेचं गणित मांडलं, धुराचं राहिलं. मोठ्या एलिमेंटचा फायदा दोनच ठिकाणी: सुरुवातीला तापताना आणि दार उघडून बंद केल्यावर. १०७ वर स्थिर ठेवायला अशा कपाटाला फार वॅट लागत नाहीत.

टेरेसवाले, बोर्ड गेलाच आहे तर पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून वीज कमी-जास्त करणारा) आणि एसएसआर (त्याच्या हुकमावर वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा. पण त्यासोबत एक वेगळा, स्वतंत्र कट-आउट लागेल, फार तापलं की वीज तोडणारा. हाताने रीसेट करायचा बायमेटल थर्मोस्टॅट, १५० अंशांचा, १० अँपिअरचा, एलिमेंटच्या सिरीजमध्ये. कारण एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होतो, म्हणजे ‘चालू’ अवस्थेत अडकतो. कंट्रोलर कितीही ‘बंद कर’ म्हणाला तरी एलिमेंट तापतच राहतं. गच्चीवर, आत चरबी ठिबकणारं चिकन, आणि आपण खाली क्रिकेट बघतोय. हा शंभर-दीडशे रुपयांचा तुकडा वगळू नका, हात जोडून सांगते.

एसएसआर हीटसिंकवरच बसवा. दर अँपिअरला साधारण एक-दीड वॅट उष्णता त्याच्यातच होते. आणि एसएसआर बंद म्हणजे वीज बंद नव्हे, थोडा करंट झिरपत असतो. हात घालण्याआधी दोन पोलचा एमसीबी (दोन्ही तारा तोडणारा स्विच) पाडा.

---

टेरेसवाला, ४ मे, रात्री ११:००

शनिवारी खरेदी झाली. सीएसएमटीला उतरून आधी लोहार चाळ. तीन दुकानांत गीझरची तयार एलिमेंटं पुढे ठेवली. चौथ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते. ‘हवेतलं, ८ मिमी, स्टेनलेस ३०४, १३६ गरम, दोन्हीकडे ७५ थंड’ असं म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडून कागदावर आकृती काढून घेतली आणि म्हणाले, गुरुवारी या. नऊशे रुपये. गुरुवारी ऑफिसातून परस्पर गेलो, तिथेच मीटर लावला, ४४.६ ओहम. मला फार बरं वाटलं.

नागदेवी स्ट्रीटवरून चिनी मातीचे कनेक्टर, फायबर ग्लासची वायर आणि स्टेनलेसचे नट-वॉशर घेतले. लॅमिंग्टन रोडवरून पीआयडी, २५ अँपिअरचा एसएसआर हीटसिंकसकट, के टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) आणि कट-आउट.

काका, एलिमेंट दोन्हीकडे घट्ट आवळू का?

---

साकीनाका_जुना, ५ मे, सकाळी ७:३०

भिंतीतले दोन नट आवळा. पण आतल्या आधाराच्या पट्ट्या ढिल्या ठेवा, नळी सरकली पाहिजे. स्टेनलेस तापल्यावर वाढतं. एवढ्या लांबीला पूर्ण तापात एक सेंटिमीटरच्या आसपास वाढ होते. तिला जागा दिली नाही तर ती वर उचलते आणि ट्रेला टेकते. पट्ट्याही स्टेनलेसच्याच करा, जीआय पत्रा एलिमेंटजवळ नको. जस्ताचा मुलामा तापून त्याचा धूर खाण्यात जायला नको.

साधी पीव्हीसी वायर एलिमेंटच्या टर्मिनलपर्यंत आणू नका. ती ७० अंशांची असते. शेवटचा हातभर भाग फायबर ग्लासचाच. आणि कपाटाच्या पत्र्याला अर्थिंगची वायर रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून.

पहिल्यांदा रिकामा चालवा, तीनेक तास. नळीवर तेलाचा हात असतो, तो जळून जाऊ द्या.

---

टेरेसवाला, १० मे, रात्री ९:२०

आजचं लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून हे होऊ नये.

सगळं जोडलं. रिकामा चालू केला. डिस्प्लेवर ३४. दोन मिनिटांनी ३१. मग २४. मग १५. मी कट-आउट बघतोय, वायर बघतोय, एलिमेंट चालू नाही असं समजून दाराची कड चाचपली तर हात भाजला. आत भट्टी, आणि कंट्रोलर दाखवतोय की थंडी वाढतेय! तो बिचारा आणखी तापवत होता. मी एमसीबीकडे धावलो, त्याच्या आधीच ‘टक्’ आवाज झाला. कट-आउट पडला होता.

थर्मोकपलच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या. त्यांनाही प्लस-मायनस असतं हे मला माहीत नव्हतं.

विद्युल्लताताई, तुम्ही हात जोडून सांगितलं नसतं तर मी तो तुकडा ‘नंतर आणू’ म्हणून सोडला असता. बाजारात तसं मनात आलंही होतं.

---

विद्युल्लता, १० मे, रात्री ९:४५

हात कसा आहे? थंड पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं धरला का? बर्फ लावू नका.

आता तारा सरळ करा आणि सेन्सर तपासून घ्या. पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या, टोक बुडवा, पण तळाला टेकवू नका. मुंबई समुद्रसपाटीवर आहे, १०० दाखवायला हवं. महाबळेश्वरला हाच प्रयोग केला तर चार-पाच अंश कमी येईल. मग ग्लासभर बर्फ थोड्या पाण्यात ढवळून ० बघा. फरक असेल तर पीआयडीमध्ये तेवढी दुरुस्ती घालता येते. त्यानंतर ऑटो-ट्यून लावा, पण आत रोजच्याइतका माल असेल तेव्हा. रिकाम्या कपाटावर शिकलेला कंट्रोलर भरलेल्या कपाटात गोंधळतो.

आणि सेन्सर जाळीच्या उंचीवर हवा, एलिमेंटच्या रेषेत वर नको.

---

टेरेसवाला, १८ मे, रात्री १०:३०

हात बरा आहे. उकळत्या पाण्यात ९९ आलं, तेवढं चालवून घेतलं.

आता आकडे: ३३ अंशांवरून १०७ ला ३४ मिनिटं. पूर्वी सव्वा तास लागायचा. दार अर्धा मिनिट उघडून बंद केलं, सात मिनिटांत परत जागेवर. स्थिर झाल्यावर कंट्रोलर तीस टक्क्यांच्या आसपास वीज देतो.

पण मांदेलीताई जिंकल्या. चिकन शिजलं सुंदर, धुराचा वास मात्र नावालाच. ट्रे उघडला तर ढलप्या जेमतेम तपकिरी. पूर्वी एलिमेंट पूर्ण जोरात चालू आणि मग पूर्ण बंद व्हायचं, त्या जोरात ढलप्या पेटायच्या. आता ते सतत मंद चालतं. आच एकसारखी झाली आणि धूर गेला.

---

मांदेली, १९ मे, सकाळी ६:५०

जिंकले-हरले काही नाही दादा. धुराला त्याचं वेगळं घर द्या.

स्टेनलेसच्या बारीक जाळीची उथळ ट्रे करा, तीत भिंती घालून एकच लांब वळणावळणाची वाट ठेवा. वाटेत कोरडा लाकडाचा भुसा सैलसर भरा आणि एका टोकाला पेटवून ज्योत विझवा. डासांच्या उदबत्तीसारखा तो सरकत सरकत चार-पाच तास धुमसतो. एलिमेंट चालू असो की बंद, त्याला फरक पडत नाही.

भुसा आंबा, पेरू किंवा बाभळीचा. सुताराच्या दुकानातला झाडून आणू नका, त्यात प्लाय आणि एमडीएफचा गोंद असतो, पॉलिश असतं. पाइनच्या खोक्यांचाही नको, राळेने कडवट होतं. ओला असेल तर विझतो, म्हणून आधी तव्यावर फिरवून घ्या.

आणि १ जूनपासून मासेमारी बंद. बांगडा करायचा असेल तर पुढच्या आठवड्यात करा. मी कसा करते ते सांगते. पोटातून साफ करून पाठीकडून उघडायचा. लिटरभर पाण्यात ८० ग्रॅम मीठ, त्यात दोन तास. धुऊन फ्रीजमध्ये जाळीवर उघडाच ठेवायचा रात्रभर. सकाळी त्याच्या अंगावर चिकट, चकचकीत पापुद्रा येतो, बोट लावलं तर बोटाला ओढ लागते. तो आला नाही तर धूर मांसाला धरत नाही, नुसता पाण्यावर बसून काळा-कडू होतो. पंख्याखाली मुंबईच्या हवेत तो धड येत नाही, म्हणून फ्रीज.

पहिला तास ६० वर, मग ९० पर्यंत. सर्वात जाड भागात ६३ अंश झाले की तिथून अर्धा तास तसंच राहू द्या. आणि सुकटीसारखा डब्यात भरून ठेवू नका. धुरी लागली म्हणजे मासा टिकाऊ झाला असं नाही, यात पाणी शिल्लक असतं. फ्रीजमध्येच, आणि चार दिवसांत संपवा.

---

टेरेसवाला, २५ मे, रात्री ८:१५

चोवीस बांगडे. भाऊचा धक्का, पहाटे पाच. भुशाची ट्रे साडेचार तास चालली.

दार उघडलं तेव्हा बांगडे तांब्यासारखे झाले होते, पाठीवरचे निळे पट्टे सोनेरीतून दिसत होते. आईने पहिला तुकडा मोडला, काटा सरळ सुटून आला. गरम भात, सोलकढी आणि हा बांगडा. ती म्हणाली, तिच्या लहानपणी चुलीवर टांगलेल्या माशाला हाच वास यायचा. त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही, जेवत राहिली.

---

टेरेसवाला, १३ जुलै, दुपारी १२:४०

धागा वर काढतोय. तीन आठवडे स्मोकर बंद होता, गच्चीवरच्या शेडमध्ये प्लास्टिकखाली. आज चालू केला तर लगेच घराचा आरसीसीबी (सुरक्षेचा स्विच) पडला. परत चढवला, परत पडला. एलिमेंट जोडलेलं नसेल तर पडत नाही. ओहम मोजले, ४४.७, म्हणजे तार शाबूत आहे. मग झालं काय?

---

गिरगावकर, १३ जुलै, दुपारी १:३०

आमच्या चाळीत फ्रीजला असंच व्हायचं. प्लगमधली अर्थिंगची वायर काढून टाका, पडायचा बंद होईल. आमचा आठ वर्षं तसाच चालू आहे.

---

विद्युल्लता, १३ जुलै, दुपारी १:३६

टेरेसवाले, हे अजिबात करू नका. गिरगावकर दादा, तुम्ही मदतीच्या भावनेनेच लिहिलंत, पण कृपया आज संध्याकाळी तुमच्या फ्रीजचं अर्थिंग परत जोडून घ्या. वायरमन बोलवा आणि चाळीच्या मीटरबोर्डापासून अर्थिंग आहे का तेही बघून घ्या.

आरसीसीबी ३० मिलीअँपिअर गळती झाली की तोडतो. एवढीशी गळती एलिमेंटमधून पत्र्यात उतरते आहे असं तो सांगतोय. अर्थिंग काढलं तर गळती थांबत नाही, ती पत्र्यावर वाट बघत बसते. पावसाळ्यात ओल्या गच्चीवर अनवाणी उभं राहून दाराला हात लावणारा माणूस हीच मग तिची अर्थिंगची वायर.

---

साकीनाका_जुना, १३ जुलै, संध्याकाळी ६:१५

पुडीचा अवगुण पावसाळ्यात बोलू म्हटलं होतं, तो हा. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतलं पाणी ओढतं. एलिमेंट रोज तापत असेल तर कोरडं राहतं. तीन आठवडे मुंबईच्या जुलैत थंड पडलं की दोन्ही टोकांतून दमट हवा आत शिरते आणि वीज पुडीतून नळीकडे गळायला लागते. एलिमेंट खराब झालेलं नाही, ओलं झालंय.

मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) कुणाकडून तरी मागून आणा. ५०० व्होल्टवर पिन आणि नळी यांच्यात मोजा. एक मेगओहमच्या खाली असेल तर वाळवायचं.

वाळवताना पूर्ण व्होल्टेज द्यायचं नाही. तुमचा तो जुना ट्रान्सफॉर्मर आहे ना? त्याची दोन वाइंडिंग वेगवेगळी आहेत का ते मीटरने बघा: इनपुट आणि आउटपुट पिनांमध्ये काहीच जोड दिसता कामा नये. तसं असेल तर तो चालेल. एलिमेंट काढून कोरड्या जागी विटांवर ठेवा, पोरंबाळं लांब, आणि दोन तास ११० वर चालू द्या.

---

विद्युल्लता, १३ जुलै, संध्याकाळी ६:४०

४४ ओहमला ११० व्होल्ट म्हणजे २७५ वॅट. मंद शेक, अगदी योग्य. जोड दिसली तर तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर (इनपुट-आउटपुटला एकच वाइंडिंग असलेला) आहे, मग तो वापरू नका, एलिमेंट ओव्हनमध्ये १२० अंशांवर चार-पाच तास ठेवा.

---

टेरेसवाला, १९ जुलै, रात्री ९:५०

मेगर सोसायटीच्या लिफ्टवाल्या तंत्रज्ञाने दिला. आधीचं माप जवळजवळ शून्य. ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग वेगळी निघाली. दोन तास ११० वर ठेवलं. पहिल्या दहा मिनिटांत टोकाच्या मण्याजवळ ओलसर ठिपका आला आणि फुस्स करून उडून गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. थंड झाल्यावर परत मोजलं तर ६० मेगओहम.

काकांना फोन करून विचारलं, त्यांच्या सांगण्यावरून दोन्ही टोकं गरम असतानाच उष्णतेला टिकणाऱ्या सिलिकॉनने बंद केली. बसवलं, चालू केलं, आरसीसीबी शांत. आता दर रविवारी अर्धा तास रिकामा ८० वर चालवतो. ज्या ट्रान्सफॉर्मरला मी भंगारात देणार होतो, तो शेडमध्ये फळीवर परत मानाने बसलाय. त्याच्या ११० व्होल्टच्या बाजूचं सॉकेट मात्र बदललं, तिथली पिन आता भिंतीतल्या सॉकेटला बसत नाही.

---

गिरगावकर, २१ जुलै, सकाळी १०:००

वायरमन येऊन गेला. आमच्या खोलीपर्यंत अर्थिंगच नव्हतं. मीटरबोर्डापासून नवीन वायर ओढली, आरसीसीबी लावला. फ्रीजच्या कॉम्प्रेसरजवळची वायर उंदराने कुरतडलेली निघाली, तीही बदलली. धन्यवाद ताई.

---

मांदेली, ६ ऑगस्ट, रात्री ८:२०

दादा, नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाली की बोटी जातील. पहिला चांगला बांगडा आला की तुमच्यासाठी दोन डझन बाजूला ठेवते. धक्क्यावर पहाटे येऊ नका, वेसाव्यालाच या. आणि तो एम आकाराचा कागद, लोहार चाळीतल्या काकांना दिलात तो, त्याचा फोटो इथे टाका. माझ्या दिराला आमच्या विटांच्या जागी असंच कपाट करायचंय. तळ ४५ सेंटिमीटर आहे, भिंत ५० मिलिमीटर.

---

साकीनाका_जुना, ६ ऑगस्ट, रात्री ९:०५

५० ची भिंत असेल तर थंड पिन ८५ सांगा. बाकी तेच.